दोघं असाल तेव्हा या

"अहो, ते माझं आहे."

एक्केचाळीस नंबरच्या खुर्चीतल्या तरुणानं मान वर केली. तोंडात शेवया, काड्या हवेत, आणि ओठाच्या कोपऱ्यावर चीजची पिवळी तार...

"काय, तुमचं?" घास कसाबसा गिळत त्यानं विचारलं.

"राम्यॉन. चीज आणि अंडं घालून, कांद्याची पात जास्त. मी मागवलंय."

"योगायोग बघा. मीही हेच मागवलं होतं."

ओक सोदामनं वाडग्यात डोकावून पाहिलं. अर्ध्याहून जास्त संपलं होतं. चूक तशी तिचीच होती. पीसीबांगमध्ये, म्हणजे तासावर गेम खेळायच्या कॅफेत, समोरच्या स्क्रीनवरूनच खाणं मागवायचं असतं, आणि ते खुर्चीचा नंबर बघून येतं. तिनं मागवलं एक्केचाळीसवरून. मग त्या खुर्चीच्या हेडफोनचा डावा कान मुका आहे हे कळलं, म्हणून ती शेजारच्या बेचाळीसवर सरकली. एरवी तिनं चालवून घेतलं असतं. पण आज एका कानानं ऐकण्याचा दिवस नव्हता. आज 'सात बंदरं' या तिच्या लाडक्या गेमचा नवा भाग उघडणार होता.

"मालक!" तरुणानं हात वर करून हाक मारली. "यांच्यासाठी एक असंच. माझ्याकडून. पात जास्त."

"पात जास्त, हे बरं लक्षात राहिलं," सोदाम म्हणाली.

"दातात अडकलीय, विसरणार कसा?"

ती हसली नाही. म्हणजे हसायचं नाही असं तिनं ठरवलं. पण ती दातांच्या दवाखान्यात काम करत होती. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात बघणारीची नजर आपोआप तिकडे गेली. वरचा डावा सुळा किंचित पुढे आलेला. बाकी ओळ सरळ. हसला की तो सुळा आधी दिसायचा, मग बाकीचं हसू मागून यायचं.

तेवढ्यात सगळ्या रांगेतून एकदम "आलं, आलं!" असा गलका झाला आणि दोघांच्याही स्क्रीनवर बर्फ पडायला लागला.

नव्या भागाचं नाव होतं 'बर्फाखालचं गाणं'. सोदामनं गेली कित्येक वर्षं या गेममध्ये घालवली होती, त्यामुळे सहज भुलणाऱ्यांतली ती नव्हती. पण पहिलं पाऊल टाकलं आणि बर्फ कुरकुरला... नुसता कुरकुरला नाही. ताज्या बर्फाचा आवाज वेगळा, जुन्या गोठलेल्या बर्फाचा वेगळा. मागं वळून पाहिलं, तर आपल्याच पावलांचे ठसे हळूहळू भरत चालले होते. दूर कुठंतरी बासरी वाजत होती, आणि तिचे सूर वाऱ्याबरोबर तुटत होते. कुणीतरी हे बनवताना खरोखर बर्फात उभं राहून कान देऊन ऐकलं असणार.

"कसं वाटतंय?" शेजारून प्रश्न आला.

"गप्प बसा जरा," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, स्क्रीनवरची नजर न काढता, "...फार सुंदर."

"मी काहीच न करता कौतुक मिळालं. चालेल."

*

त्याचं नाव मो जेहा. 'सात बंदरं'मध्ये तो अगदी नवखा होता, आणि तिथं त्यानं घेतलेलं नाव होतं 'मावशीपासून लपून'.

"हे काय नाव झालं?"

"खरं आहे ते. तळ्याकाठी मावशीची खानावळ आहे. कुट्टूच्या थंड शेवया. सगळं चुनचॉन शहर तिथं रांग लावतं. आणि भाचा इथं बसून पाकिटातल्या शेवया खातो. तिला कळलं तर मलाच लाटेल. तुमचं नाव काय आहे आत?"

सोदामनं जरा आढेवेढे घेतले. "करपलेला भात."

तो इतका हसला, की समोरच्या रांगेतल्या दोघांनी हेडफोन काढून मागं पाहिलं.

शनिवार-रविवारी तो एक्केचाळीसवर असायचा आणि ती बेचाळीसवर. वयाचा विषय निघाला, तसा तो दोन वर्षांनी लहान निघाला.

"मग मी तुला अरे-तुरे करणार. आणि तू मला नूना म्हणायचं. मोठ्या बहिणीला म्हणतात तसं."

"नाही म्हणणार."

"का रे? रीत आहे ती."

"मला बहिणी आहेत... तीन. आणखी नको." त्यानं माउस उगाच इकडून तिकडे हलवला. "तुम्ही गटाच्या नायक. मी नायकच म्हणीन."

गटाची नायक ती होतीच. गटात पुसानचे टॅक्सीवाले काका होते, त्यांचं नाव 'मुळाचोर'. सेऊलची एक कॉलेजकन्या होती, 'आजीचा चष्मा'. चौथा पिलग्यू, म्हणजे 'अस्वल', सैन्यातली सक्तीची नोकरी करायला गेला होता. त्याची जागा रिकामी होती आणि गटाला जखमा भरून काढणारा हवा होता. सोदामनं जेहाला घेतलं. सुरुवातीला तो काकांना वाचवायच्या गडबडीत स्वतःच मरायचा. काका कानात ओरडायचे, "अरे बाळा, आधी स्वतःकडे बघ! मला मरायची सवय आहे!"

मधल्या वेळात सोदाम नव्या भागावर बोलायची आणि जेहा ऐकायचा. ती कौतुक भरभरून करायची. बर्फाळ गावातल्या बायका कशा प्रत्येक हवेत वेगळं बोलतात, शिकाऱ्याचा कुत्रा मालक गेल्यावरही कसा दारात बसून राहतो, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. "दुसरं कुणी असतं, तर तिथं रडकं संगीत वाजवलं असतं. यांनी काहीही वाजवलं नाही. म्हणून रडू येतं."

"आणि कपाळाला आठी कशाबद्दल आहे?"

"बोटीबद्दल."

जुन्या गेममध्ये एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जायला बोट होती. चहाचा कप संपेपर्यंत चालायचा तो प्रवास. करण्यासारखं काही नसायचं, म्हणून डेकवर अनोळखी माणसं एकमेकांशी बोलायची. काका तिला तिथंच भेटले, चष्मावालीही. बोटीचा म्हातारा तांडेल इतक्या वर्षांत एकच वाक्य बोलला होता, "सगळे चढले का?" नव्या भागानं प्रत्येक गावात वाटशिळा बसवल्या. शिळेला हात लावला, की पोचलात.

"सोय झाली की," जेहा म्हणाला.

"सोय झालीच. मीही शिळाच वापरते. तेच तर दुखतं." तिनं ओठ मुडपले. "बोट अजून निघते, ठरल्या वेळेला. रिकामी. इतका जीव ओतून बर्फ बनवणाऱ्यांना म्हाताऱ्याचं काहीच वाटलं नाही?"

जेहानं तिच्याकडे पाहिलं, आणि ती नजर जरा जास्त वेळ थांबली...

"काय?"

"काही नाही. तुम्ही चिडलात, की चष्म्यावर वाफ येते."

*

तिची दुसरी तक्रार जास्त गंभीर होती, आणि ती तिनं जेहाला सांगितलीच नव्हती.

नव्या भागातला सगळ्यात मोठा किल्ला म्हणजे घंटामहाल. पूर्वी असल्या ठिकाणी पाच जण जायचे. घंटामहालात चौघांनाच प्रवेश होता. आणि पिलग्यू डोकं भादरून सैन्यात निघाला, त्या दिवशी सोदामनं त्याला शब्द दिला होता, "पुढचा मोठा महाल तुझ्याशिवाय उघडायचा नाही." म्हणून गट जेहाला घेऊन शेवटच्या दारापर्यंत जायचा आणि परत फिरायचा. जेहाला वाटायचं, आपणच अजून कच्चे आहोत. तो घरी जाऊन सराव करायचा.

सांगायचं, असं ती दर शनिवारी ठरवायची. मग तो काहीतरी बोलायचा, सुळा दिसायचा, आणि ते राहून जायचं.

डिसेंबरातल्या एका दुपारी धुकं तळ्यावरून उठून थेट पीसीबांगच्या काचांना चिकटलं होतं. जेहा म्हणाला, "खाली मासा-पाववाली आलीय. घेऊन येतो. तुम्हाला शेपटीकडून आवडतो ना?" आणि माशाच्या आकाराचे ते गोड पाव आणायला जॅकेट खांद्यावर टाकून गेला.

तो गेला आणि पिलग्यू आला. रजा लवकर मिळाली होती, छावणीजवळच्या पीसीबांगमध्ये बसला होता, आणि संध्याकाळच्या गाडीनं आईकडे जायचं होतं. काकांचा आवाज कानात घुमला, "अस्वल आलं रे! बोलव, नायक, बोलव!" चष्मावाली किंचाळतच होती. सोदामनं बोलावणं धाडलं. गट भरलेला आहे, असं उत्तर आलं.

तिनं शेजारी पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

तो यायच्या आत करून टाकू. आला, की नीट सांगू... सगळं सांगू. तिनं यादीतल्या 'मावशीपासून लपून' या नावावर बोट नेलं आणि बटण दाबलं.

कागदाची पिशवी कुरकुरली, तेव्हा तिला कळलं की तो मागं उभा आहे.

एक्केचाळीसच्या स्क्रीनवर मधोमध करड्या रंगाची चौकट उमटली होती. 'नायकाने तुम्हाला गटातून काढले आहे.' खाली एकच बटण होतं, 'ठीक आहे'. त्या चौकटीत दुसरा पर्याय नसतो.

जेहानं वाकून ते बटण दाबलं. पिशवी तिच्या कीबोर्डजवळ ठेवली.

"जेहा, थांब, ऐक... पिलग्यूला मी आधीच—"

"कानात लोक ओरडतायत तुमच्या," तो शांतपणे म्हणाला. "जा. आणि मासे गरम आहेत तोवर खा, नायक."

तिनं उठायला हवं होतं. हेडफोन फेकून जिन्यापर्यंत पळायला हवं होतं. पण पिलग्यूला संध्याकाळची गाडी होती, आणि शब्द तर शब्द होता. ती बसून राहिली.

घंटामहालाचं शेवटचं दार उघडलं. आत घंटा होती, टेकडीएवढी, आरपार बर्फाची. ती वाजली, तेव्हा आधी आवाज आलाच नाही. आधी छतावरचं सगळं हिम एकाच वेळी सुटलं, आणि मग नाद आला, पोटातून यावा तसा. काका पहिल्यांदाच गप्प झाले. चष्मावाली रडत होती. पिलग्यू पुन्हा पुन्हा म्हणत होता, "थांबलात तुम्ही माझ्यासाठी... खरंच थांबलात."

इतकं सुंदर तिनं कुठल्याही गेममध्ये पाहिलं नव्हतं. पाहिलं आणि तिची मान आपोआप उजवीकडे वळली, त्याचा चेहरा कसा झालाय ते बघायला.

तिथं एक मुका हेडफोन लोंबत होता.

*

पुढचा शनिवार कोरडा गेला, रविवारही. एक्केचाळीसवर एक आजोबा बसून पत्ते खेळत होते. थोड्या वेळानं ते उठून मालकाकडे गेले. "या कानाला ऐकू येत नाही हो."

"माहीत आहे," मालक म्हणाला. "तो शेवयावाला मुलगा दर वेळी तिथंच बसायचा. दुसरी खुर्ची देतो म्हटलं, तर म्हणायचा, मला एका कानानं छान ऐकू येतं."

सोदामनं हात माउसवरून काढला. पीसीबांगमध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या असायच्या. हे इतके दिवस तिच्या लक्षात कसं आलं नाही?

तिनं कोट घातला आणि धुक्यात शिरली. निरोप पाठवायचा विचार मनात आला होता. पण यापुढे त्याच्याशी काहीही बटण दाबून बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं.

खानावळीत गर्दी ओसरली होती. गल्ल्यामागच्या बाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "एकट्याच?"

"मो जेहा आहे का?"

"तुम्ही कोण?"

"मी... गेममध्ये... करपलेला भात."

बाईंच्या हातातलं फडकं थांबलं. "अगं बाई! म्हणजे तूच का ती, जिनं माझ्या पोराला हाकललं?" मग आत तोंड करून खणखणीत आवाजात, "जेहा! तुझा भात आलाय!"

तो पिठानं माखलेल्या हातांनी बाहेर आला. तिला पाहिलं आणि दारातच थांबला.

सोदाम उभीच राहिली. कोटाची बटणंही काढायचं तिला सुचलं नाही. "पिलग्यूला शब्द दिला होता. तो मोडणार नव्हतेच मी, आजही मोडणार नाही. पण तुला ते पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कारण सांगितलं असतं, तर तू बसला नसतास शेजारी... आणि मला तू बसायला हवा होतास. आणि त्या दिवशी ते बटण दाबलं, ते चुकलं. फार चुकलं."

"झालं?" मावशीनं विचारलं. "चांगलं बोललीस. बस आता, शेवया खा. हा घरात पाकिटं लपवतो ते मला ठाऊक आहे हं, जेहा."

जेहानं वाडगा आणून तिच्यासमोर ठेवला. पात जास्त होती.

"रागावला होतास?" तिनं हळूच विचारलं.

"रागावलो नव्हतो. लाज वाटली. मला वाटलं, मी खेळतो वाईट, म्हणून." तो समोर बसला. "मग एकटाच फिरत राहिलो गेममध्ये, घरच्या कंप्युटरवर. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तुमच्या त्या बोटीत जाऊन बसलो."

सोदामच्या काड्या थांबल्या.

"बंदर आलं. उतरलो नाही, बसून राहिलो. तर म्हातारा वळला, नायक. माझ्याकडे बघून बोलला."

"'सगळे चढले का?'"

"नाही." त्यानं आवाज खाली आणला. "म्हणाला, 'एकटेच? दोघं असाल तेव्हा या.'"

इतके दिवस झाले, हजारो लोक खेळत होते, आणि हे कुठंच कुणी लिहिलं नव्हतं. लिहिणार कोण? सगळे शिळेला हात लावत होते.

"मग? दुसऱ्या कुणाला घेऊन गेला नाहीस?"

"दुसरं कोण आहे?" तो म्हणाला.

शेवया थंडगार होत्या. तरी तिच्या चष्म्यावर वाफ आली.

*

मावशीनं त्यांना तसंच पिटाळलं. पीसीबांगमध्ये एक्केचाळीस आणि बेचाळीस, दोन्ही रिकाम्या होत्या. मालकानं काही न विचारता दोन्ही चालू करून दिल्या.

बोट ठरल्या वेळेला निघाली. "सगळे चढले का?" तांडेलानं विचारलं. डेकवर करपलेला भात आणि मावशीपासून लपून, दोघंच.

जुनं बंदर आलं, लाकडी धक्का, पिवळा कंदील. कुणी उतरलं नाही. बोट थबकली.

तांडेल वळला. इतकी वर्षं पाठमोऱ्याच दिसलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा तिनं पहिल्यांदा नीट पाहिला. भुवयांवर बर्फ होता.

'वाटशिळा बसवल्यावर कुणी येईल असं वाटलं नव्हतं,' तो म्हणाला. 'तुम्ही आलात. चला, आज बोट थोडी पुढे नेतो.'

सोदामनं तोंडावर हात ठेवला.

बोट नकाशाबाहेर गेली. बर्फाचा पातळ पापुद्रा फुटत होता, मंद, काच तडकावी तसा. मग इंजिन बंद झालं आणि खालून, पाण्याच्या तळातून, कुणीतरी गायला लागलं. आधी तिला ते ऐकू आलं डाव्या कानात. मग ते हळूहळू बोटीखालून उजवीकडे सरकलं. बर्फाखालून एक देवमासा चालला होता, बोटीहून कितीतरी मोठा, निळसर उजेडाचा. नव्या भागाचं नाव कशावरून ठेवलंय, ते आत्ता कळत होतं. विसरले नव्हते गेम बनवणारे म्हाताऱ्याला. सगळ्यात चांगली गोष्ट त्यांनी त्याच्याच बोटीत ठेवली होती.

"डावीकडून आलं ना?" तिनं कुजबुजत विचारलं.

जेहानं खांदे उडवले. "मला नाही कळलं. डावा बंद आहे."

तिनं आपला हेडफोन उतरवला आणि एक बाजू उलटी वळवून त्याच्या डाव्या कानाला लावली. दुसरी तिच्या उजव्या कानाला राहिली. त्यासाठी डोकी अगदी जवळ आणावी लागली. त्याच्या केसांना पिठाचा वास येत होता. देवमासा परत फिरला, गाणं तिच्याकडून त्याच्याकडे गेलं, आणि त्याचा श्वास अडकलेला तिला कळला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "पहिल्या दिवशी... मी काहीच मागवलं नव्हतं."

"काय?"

"राम्यॉन आलं माझ्यासमोर. मला माहीत होतं माझं नाही ते. शेजारी एक मुलगी हेडफोन लावून स्वतःशीच हसत होती. वाटलं, खाऊन टाकू; जिचं असेल ती भांडायला तरी येईल."

"चोर!"

"हो."

"आणि मी तुझ्याकडून दुसरं घेतलं, आभार मानून!"

"आभार नव्हते मानले. 'गप्प बसा' म्हणाला होतात." त्यानं घसा साफ केला. "मला तुम्ही आवडता. मुका कान, भाताचं नाव, बोटीवरून चिडणं, सगळ्यासकट. गटात जागा नसली तरी चालेल. शेजारी आहे का?"

देवमाशाचं गाणं विरत चाललं होतं. बोट सावकाश वळत होती. सोदामनं माउस सोडला आणि त्याचा हात धरला. नखांच्या कडांना अजून पीठ होतं.

"शेजारीच आहे," ती म्हणाली. "पण त्या खुर्चीचा हेडफोन बदलून घ्यायचा नाही हं, जेहा. हा असाच राहू दे."

"बरं, सोदाम," तो म्हणाला. आधी सुळा दिसला, आणि मग बाकीचं हसू.

स्क्रीनवर तांडेलानं पुन्हा पाठ केली, आणि न वळताच विचारलं, 'परत निघायचं?'

दोघांपैकी कुणीही बटण दाबलं नाही.